प्रल्हाद शिंदे ऐकायला सुरुवात कोठून करावी? (धागा)

१/ आषाढी एकादशीला जुन्या जालन्यात आनंदी स्वामींची पालखी निघते. त्या दिवशी रस्त्यावरच्या कोणत्या ना कोणत्या भोंग्यातून एक खडा, मोकळा आवाज कानी पडतोच. त्याआधी दोन-तीन महिने, १४ एप्रिलला, शहरातल्या भीमजयंतीच्या मंडपांतूनही तोच आवाज घुमलेला असतो. दोन्ही ठिकाणी गाणारा माणूस एकच आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आजचा धागा त्या माणसाविषयी : प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४).

२/ नव्या श्रोत्याचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : एवढ्या गाण्यांतून सुरुवात कोठून करावी? या धाग्यात ऐकण्याचा एक क्रम दिला आहे. मात्र प्रल्हाद शिंदे यांच्या बाबतीत क्रमाबरोबर थोडा इतिहासही लागतो. त्यांचे कोणते गाणे आपल्यापर्यंत पोहोचले आणि कोणते पोहोचले नाही, हे आपण कोणत्या गल्लीत वाढलो यावर ठरत आलेले आहे.

३/ प्रथम एक कबुली. माझ्या घरी प्रल्हाद शिंदे म्हणजे विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी. पहाटेच्या एसटीत, पिठाच्या गिरणीत, अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जाताना वाटेवरच्या फराळाच्या मंडपात, सर्वत्र हीच गाणी ऐकली. त्यांनी भीमगीतेही गायली आहेत, हे मला पदवीच्या दुसऱ्या वर्षी कळले. तेही पुस्तकातून नव्हे, वसतिगृहातल्या खोलीतल्या मित्राकडून.

४/ मित्राला माझे अज्ञान पाहून हसू आले. त्याच्या घरी दोन्ही प्रकारच्या कॅसेटी एकाच डब्यात असत. म्हणजे मला निम्मे प्रल्हाद शिंदे ठाऊक होते आणि त्याला पूर्ण. दोघांनाही आपापला अर्धा भाग ठाऊक असता, तर ती केवळ आवडीनिवडीची गोष्ट ठरली असती. येथे तसे नव्हते. असे का झाले असावे, हा या धाग्यामागचा खरा प्रश्न आहे.

५/ आता थोडे मागे जाऊ. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ चा. घरात भजन-कीर्तनाची परंपरा होती. आईवडिलांचे गाणे हाच पोटापाण्याचाही आधार होता. शिंदे घराण्याचे नाते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याशी सांगितले जाते. मराठी संतपरंपरेत मंगळवेढ्याचे स्थान मोठे आहे, कारण हे चोखोबांचे गाव.

६/ चोखामेळा चौदाव्या शतकातले, महार समाजातले संत. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून १३३८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, असे परंपरा सांगते. पंढरपूरला त्यांची समाधी आहे ती विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी. म्हणजे मंदिराच्या बाहेर. ज्याने विठ्ठलावर अभंग रचले, त्याला विठ्ठलाच्या दारात थांबावे लागले. पंढरीच्या वाटेवरचे गाणे या समाजातल्या गायकाने म्हणणे म्हणजे काय, हे समजून घेण्यास एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे.

७/ पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले ते मे १९४७ मध्ये. त्या वेळी प्रल्हाद शिंदे १४ वर्षांचे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ते २३ वर्षांचे. मंदिराची दारे उघडणे आणि त्या दारांकडे पाठ फिरवून नवा मार्ग धरणे, या दोन्ही घटना त्यांच्या पिढीने दहा वर्षांच्या आत पाहिल्या.

८/ या पिढीच्या हाती गाण्याची एक तयार परंपराही होती. महात्मा फुले यांच्या चळवळीतून सत्यशोधक जलसे उभे राहिले. पुढे १९३० च्या दशकात नाशिक जिल्ह्यातून भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगावी नेला. तमाशाचा बाज ठेवायचा, पण गण-गौळणीच्या जागी शिक्षण, पाणी, स्वाभिमान हे विषय आणायचे, अशी त्याची रीत. ज्या श्रोत्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत चळवळ गाण्यातून पोहोचली.

९/ दुसरे कर्डक म्हणजे वामनदादा (१९२२–२००४). आडनाव एक, जिल्हाही एक, म्हणून पुष्कळदा गल्लत होते. वामनदादा सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. मुंबईत मजुरी करताना कोणीतरी पत्र वाचून द्या म्हटले आणि ते वाचता आले नाही, याची खंत वाटून ते मोठेपणी अक्षरे शिकले. त्यानंतर त्यांनी लिहिलेल्या गीतांनी १९५६ नंतरच्या आंबेडकरी गायनाला शब्द पुरवले. भीमगीताचा इतिहास त्यांच्याशिवाय सांगता येत नाही.

१०/ या परंपरेत एक तिसरा प्रवाह येऊन मिळाला : कव्वाली. १९५० च्या दशकात मुंबईच्या कामगार वस्त्यांत कव्वालीचे सामने रंगत. ‘अल हिलाल’ (१९५८) या चित्रपटातल्या कव्वालीमुळे इस्माईल आझाद यांचे नाव देशभर झाले. कव्वालीचा हा रंग मराठी गायकांनी उचलला. श्रावण यशवंते यांच्यासारख्या गायकांनी बुद्ध आणि भीम यांच्यावरील कव्वाल्या गाजवल्या. प्रल्हाद शिंदे याच मंचावर तयार झाले.

११/ आम्हां मराठवाड्यातल्या लोकांना मराठी कव्वालीचे फारसे नवल वाटत नाही, कारण सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. खुलताबादच्या उरुसातली कव्वाली आणि पैठणच्या नाथषष्ठीचे कीर्तन हे एकाच मुलखाचे आवाज आहेत. जालन्याच्या बाजारात आजही दख्खनी उर्दू आणि मराठी एकाच वाक्यात येतात. अशा कानांना प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यातली सरमिसळ मुळात सरमिसळ वाटतच नाही.

१२/ रचनेच्या दृष्टीने कीर्तन आणि कव्वाली यांच्यात साम्यही पुष्कळ आहे. दोन्हीकडे एक मुख्य गायक, मागे साथ करणारा मेळा. दोन्हीकडे पालुपद पुन्हा पुन्हा फिरून येते. कीर्तनकार मध्येच दुसऱ्या संताचे प्रमाण देतो; कव्वाल मध्येच दुसरा शेर जोडतो, त्याला गिरह लावणे म्हणतात. एकीकडे टाळ, दुसरीकडे टाळी. जो एक नीट शिकला, त्याला दुसऱ्याचे दार बंद राहत नाही.

१३/ आता आवाजाकडे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज वरच्या पट्टीतला, खुल्या गळ्याचा. याला एक व्यावहारिक कारणही आहे. जत्रेत, जयंतीत, हरिनाम सप्ताहात गाणे ऐकू येई ते भोंग्यातून. भोंग्यातून खर्जाचे स्वर नीट उमटत नाहीत; मधल्या आणि वरच्या पट्टीतला आवाज मात्र शेताचे बांध ओलांडून जातो. उघड्या मैदानासाठी तयार झालेला हा गळा आहे. म्हणून पहिल्यांदा तो कानात बोंडे घालून ऐकू नये. स्पीकरवर लावावा आणि थोडे दूर बसावे.

१४/ दुसरे बंधन होते वेळेचे. कीर्तन दोन तास चाले, कव्वालीचा सामना रात्रभर. ७८ गतीच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे साडेतीन मिनिटे मावत. पुढे ४५ गतीच्या छोट्या तबकडीवर थोडी अधिक. रात्रभर फुलणारे गाणे एवढ्यात बसवायचे, तर पहिल्याच ओळीने श्रोत्याला धरावे लागे. त्यांच्या अनेक गाण्यांचे पालुपद एकदा ऐकून पाठ होते, त्यामागे ही शिस्त आहे.

१५/ ऐकण्याचा पहिला टप्पा : ‘पाऊले चालती पंढरीची वाट’. शब्द दत्ता पाटील यांचे, चाल मधुकर पाठक यांची. हे गाणे बहुतेकांना ठाऊक असते, म्हणूनच ते पुन्हा ऐकावे. पहिल्यांदा फक्त लय ऐका. ती चालणाऱ्या माणसाची लय आहे. थकलेल्या, पण न थांबणाऱ्या माणसाची. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर जालन्यातून जाते, तेव्हा वारकऱ्यांची पावले पाहावीत. चाल बांधणाऱ्याने काय ऐकले असेल, ते कळते.

१६/ दुसऱ्यांदा ऐकताना गायकाकडे लक्ष द्या. यात देवापुढे लोटांगण घालणारा सूर नाही. संसाराचा भार बाजूला ठेवून काही दिवस मोकळे चालू पाहणाऱ्या कष्टकऱ्याचा तो सूर आहे. शास्त्रीय बैठकीतून आलेले अभंगगायन आपण पुष्कळ ऐकतो आणि ते थोरच आहे. त्याच्या शेजारी हे गाणे ठेवले की फरक स्पष्ट होतो : तिथे अभंग सभागृहात बसून ऐकला जातो, येथे गायक दिंडीत आपल्या शेजारून चालत असतो.

१७/ दुसरा टप्पा : ‘तूच सुखकर्ता’. गणेशोत्सवात हे गाणे वाजले नाही असे गाव महाराष्ट्रात शोधावे लागेल. चाल पुन्हा मधुकर पाठक यांचीच. शब्द मात्र कोणाचे? हरेंद्र जाधव यांचे (१९३३–२०२२). नाशिक जिल्ह्यात जन्मलेले, मुंबईत शिक्षकी पेशात आयुष्य घालवलेले हे कवी भीमगीतांसाठी प्रसिद्ध होते. म्हणजे घराघरांत गणपतीपुढे म्हटले जाणारे हे गाणे एका आंबेडकरी कवीने लिहिले आणि आंबेडकरी समाजातल्याच गायकाने गायले. गाणारे आणि ऐकणारे दोघेही हे क्वचितच सांगतात.

१८/ येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळू नये. नागपुरात बाबासाहेबांनी अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांत हिंदू देवतांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, असे स्पष्ट आहे; गौरी-गणपतीचा उल्लेख नावाने आहे. मग बौद्ध गायकाने गणपतीचे गाणे कसे गायले? हा प्रश्न आंबेडकरी श्रोत्याच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. निष्ठेला मोल आहे असे मानणाऱ्यालाच तो पडतो.

१९/ याचे पहिले उत्तर पोटाचे आहे. गायन हा व्यवसाय होता. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांना सणासुदीला देवाची गाणी हवी असत. सुतार देव्हारा करतो, कुंभार मूर्ती घडवतो. गायकाला मात्र आपण त्याच्या प्रत्येक गाण्याचा भक्त समजतो. कसबी माणसाचा हा हक्क कलाकाराला नाकारण्याचे कारण नाही. विशेषतः ज्याच्या समाजाला शतकानुशतके मोबदल्याशिवाय राबवले गेले, त्याने आपल्या गळ्याचा मोबदला घेतला तर त्यात कमीपणा कसला?

२०/ दुसरे उत्तर इतिहासाचे आहे. विठ्ठल आणि दलित समाज यांचे नाते साध्या स्वीकार-नकाराचे नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. डिसेंबर १९५४ मध्ये देहूरोड येथे बुद्धमूर्तीच्या स्थापनेच्या वेळी त्यांनी पंढरपूरचा विठोबा ही मुळात बुद्धमूर्ती असल्याचे मत मांडले. त्या मताशी कोणी सहमत असो वा नसो, विठ्ठलावरचा आपला हक्क बाबासाहेबांनी सहजासहजी सोडून दिला नव्हता, एवढे यातून दिसते.

२१/ तिसरा टप्पा : त्यांच्या भीम-कव्वाल्या. येथे एखादे गाणे सुचवण्यापेक्षा ऐकण्याची पद्धत सांगतो. एक लांब कव्वाली निवडा. सुरुवातीचा तालाविना भाग सोडून पुढे जाऊ नका. गायक विषयाची मांडणी तिथेच करतो. मग ढोलकी आणि टाळ्या येतात, बेंजो वाजतो, कोरस पालुपद उचलतो. यानंतर मुख्य गायकाची एकेक ओळ युक्तिवादासारखी पुढे सरकते. वकील साक्षी काढतो तसे प्रसंग एकामागून एक येतात आणि प्रत्येक प्रसंगानंतर कोरस निकाल सांगितल्यासारखा परत फिरतो.

२२/ हे प्रसंग कोणते? भीमगीत या प्रकारात २० मार्च १९२७ चे महाडचे चवदार तळे येते, १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह येतो, रमाईंचे कष्ट आणि १९३५ मधला त्यांचा मृत्यू येतो, राज्यघटना येते, नागपूरची दीक्षाभूमी येते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे थक्क करणारे वाटते. चवदार तळे आमच्या शालेय पुस्तकात काही ओळींत संपले. मित्राच्या आजीला शाळा मिळाली नव्हती, पण महाडचा सगळा घटनाक्रम तिला गाण्यांतून पाठ होता.

२३/ ही गाणी पोहोचली कशी? दीर्घकाळ भारतात ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायावर एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅसेट आली आणि चित्र पालटले. कॅसेट काढायला भांडवल थोडे लागे आणि ती वाजवणारे यंत्र स्वस्त होते. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात हा बदल भारतभर कसा घडला ते दाखवले आहे. आजवर ज्यांना कंपन्या विचारत नव्हत्या, अशा बोलींचे, जातींचे आणि प्रांतांचे गाणे बाजारात आले. भीमगीतांना कॅसेटने दिलेले बळ याच काळातले.

२४/ पण कॅसेटबरोबर दुकानातली फळीही आली. भक्तिगीते एका फळीवर, भीमगीते दुसऱ्या. गायक तोच, कधी संगीतकार तोच, कधी कवीही तोच. वेष्टन मात्र वेगळे आणि गिऱ्हाईकही वेगळे. भक्तिगीते दुकानातून हॉटेलात, एसटी स्टँडवर, देवळात गेली आणि तेथून सर्वांच्या कानी पडली. भीमगीते जयंतीच्या मंडपात, गायन पार्टीच्या कार्यक्रमात आणि वस्तीतल्या घरांत राहिली. ती ऐकायची तर तिथे जावे लागे, आणि आम्ही गेलो नाही.

२५/ असे जगात अन्यत्रही घडले आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी दक्षिणेकडच्या ग्रामीण संगीताच्या दोन वेगळ्या मालिका काढल्या. गोऱ्या गायकांच्या तबकड्या ‘हिलबिली’ म्हणून, काळ्या गायकांच्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून. गावात हे लोक एकमेकांकडून गाणी शिकत होते. विकताना त्यांची विभागणी रंगावरून झाली. पुढे ‘हिलबिली’चे ‘कंट्री’ झाले.

२६/ त्या कंट्री संगीताचा सर्वांत गाजलेला गायक हँक विल्यम्स (१९२३–१९५३) अलाबामात वाढला. त्याला गाणे-वाजवणे शिकवले ते रूफस पेन या काळ्या रस्तागायकाने, ज्याला लोक ‘टी-टॉट’ म्हणत. हँक शनिवारी रात्रीच्या गुत्त्यातली गाणी गाई आणि रविवारच्या चर्चची भजनेही. त्याच्या चाहत्यांना त्याच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. त्याच्या गुरूचे नाव मात्र फार उशिरा लोकांपुढे आले. कोणता अर्धा भाग झाकला जातो, हे तिकडेही सत्तेनेच ठरवले.

२७/ आता मराठवाड्याकडे परत येऊ. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. त्या वेळी जालना जिल्हा नव्हता. १ मे १९८१ रोजी तो निर्माण झाला, तेव्हा ही जखम ताजी होती. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सोळा वर्षे भीमगीत हे मनोरंजन नव्हते. मोर्चाच्या आदल्या रात्री वस्तीला एकत्र ठेवणारी ती गोष्ट होती.

२८/ आणि त्याच सोळा वर्षांत, त्याच गावांच्या देवळांवरून प्रल्हाद शिंदे यांचीच विठ्ठलगीते वाजत होती. ज्या माणसाच्या समाजाचे नाव विद्यापीठाच्या पाटीवर नको होते, त्याचा आवाज मात्र पहाटे देवाला उठवायला चालत होता. ही विसंगती आमच्या पिढीने शांतपणे पाहिली पाहिजे. संगीताने भिंती पाडल्या असे आपण सहज म्हणतो. येथे आवाज भिंतीपलीकडे गेला आणि भिंत जागेवरच राहिली.

२९/ म्हणून पोस्ट ४ मधल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : मित्राला पूर्ण प्रल्हाद शिंदे ठाऊक होते, कारण आमची गाणी त्याच्या कानांवर आपोआप येत होती. मला निम्मेच ठाऊक होते, कारण त्याच्याकडची गाणी ऐकण्याची गरज मला कधी भासली नाही. ज्याच्या हाती भोंगा असतो, त्याला दुसऱ्याचे ऐकावे लागत नाही. हे गायकाचे वैगुण्य नव्हे, श्रोत्यांच्या वाटणीचे आहे आणि ते दूर करणे श्रोत्यांच्या हाती आहे.

३०/ एक सावधगिरी. इंटरनेटवर प्रल्हाद शिंदे यांच्या नावावर अनेक चुकीची गाणी सापडतात. शिंदे आडनावाचे लोकगायक पुष्कळ. त्यातच आनंद, मिलिंद आणि दिनकर हे त्यांचे पुत्रही गायक. वडिलांच्या आणि मुलांच्या आवाजातले साम्य नव्या श्रोत्याला चकवते. शक्य असेल तेथे मूळ तबकडीचे किंवा कॅसेटचे वेष्टन पाहावे. गायकाइतकेच कवी आणि संगीतकार यांचे नाव महत्त्वाचे. इंटरनेटवर पहिल्यांदा तेच गळते.

३१/ चौथा टप्पा : पुढची पिढी. १९८० च्या दशकात आनंद आणि मिलिंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट हा’ने लोकगीतांच्या कॅसेटीचा बाजार ढवळून काढला. नातू आदर्श शिंदे यांचा आवाज ‘दुनियादारी’ (२०१३) या चित्रपटातल्या ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’मधून घरोघरी गेला. पुढे बाबासाहेबांच्या जीवनावरील दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीतही त्यांनीच गायले. आजोबांच्या दोन फळ्या नातवाकडेही आहेत. फरक एवढाच की शीर्षकगीत सर्व गल्ल्यांत एकाच वेळी वाजत होते.

३२/ आता एका दमात क्रम सांगतो. प्रथम ‘पाऊले चालती पंढरीची वाट’, मोठ्या स्पीकरवर. मग ‘तूच सुखकर्ता’, हरेंद्र जाधव यांचे नाव लक्षात ठेवून. मग एखादी लांब भीम-कव्वाली, मध्ये न थांबवता. मग वामनदादा कर्डकांची गीते, मिळेल त्या गायकाच्या आवाजात. शेवटी मुले आणि नातू. आणि ज्यांच्याकडे क्रम उलटा आहे, म्हणजे भीमगीते आधीपासून पाठ आहेत, त्यांनी दुसरी फळी अभ्यासावी असा आग्रह मी धरणार नाही. ती त्यांना आयुष्यभर ऐकावीच लागली आहे.

३३/ शेवटी एक विनंती. २३ जून २००४ रोजी प्रल्हाद शिंदे गेले. त्याच वर्षी मे महिन्यात वामनदादा गेले होते. या गायनाचा मोठा भाग आजही घराघरांतल्या पत्र्याच्या डब्यांत, बुरशी लागलेल्या फितींवर पडून आहे. जुनी कॅसेट टाकण्यापूर्वी तिच्या वेष्टनाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या. गायक, कवी, संगीतकार, कंपनी, क्रमांक, सारे दिसेल असे. गायन पार्टीत गायलेले कोणी घरात असतील, तर त्यांच्याजवळ बसून नावे आणि वर्षे लिहून घ्या.

३४/ मित्राच्या घरचा तो डबा मी यंदा उन्हाळ्यात पाहिला. अनेक कॅसेटींची वेष्टने गेली होती. त्याच्या आईने प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून निळ्या शाईने दोनच प्रकारची नावे लिहिली होती : ‘प्रल्हाद – भीम’ आणि ‘प्रल्हाद – विठ्ठल’. दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळून ठेवलेले होते. आम्ही पहिली हाताला लागली ती लावली.

(धागा समाप्त. चुका आढळल्यास अवश्य सांगा, दुरुस्ती याच धाग्यात जोडली जाईल.)